'अमुक'ची गोष्ट : ताम्रपटापासून टेम्प्लेटपर्यंत

भिवंडीतल्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी घडलेली एक साधी घटना आम्हाला अजून आठवते. पालकसभेची सूचना संगणकावर काढून मुलांबरोबर घरोघरी पाठवायची होती. परीक्षेचे दिवस, कार्यालयात घाई. आदल्या वर्षीची सूचना उघडली, साल बदलले, खालचे मुख्याध्यापकांचे नाव बदलले आणि प्रती काढल्या. तारीख व वार मात्र आदल्या वर्षीचेच राहिले. त्या तारखेला वीस-पंचवीस पालक सकाळीच फाटकाशी येऊन उभे राहिले. सभा खरी होती दोन दिवसांनंतर. आलेल्यांपैकी बरेचजण यंत्रमाग कामगार होते. माग चालेल तेवढीच मजुरी, त्यामुळे पाळी बुडाली की पैसे बुडाले. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी कागद पुढे केला. आवाज न चढवता त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, हे पाठवायच्या आधी कोणी वाचलं होतं का?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण सूचना कोणी 'लिहिली'च नव्हती. ती जुन्या नमुन्यातून निघाली होती. संगणकावर काम करणारा प्रत्येकजण आज असे नमुने वापरतो. वर्ड प्रोसेसरमध्ये त्यांना टेम्प्लेट म्हणतात. अर्ज, दाखला, प्रश्नपत्रिका, इतिवृत्त अशा सगळ्यांचे तयार साचे मिळतात, आणि अडले तर मदतीची कळही तेथेच असते. ही सोय नवी वाटते, पण तिचा इतिहास एक हजार वर्षांहून जुना आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे पान खुद्द भिवंडी तालुक्यातले आहे. ते पान आपण उघडून पाहू.

मागावरचे टेंपल

आधी शब्दाकडे पाहू. भिवंडी हे देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. येथल्या मुलांना मागाचे भाग पाठ असतात. मागावर कापडाच्या दोन्ही काठांशी एक दातेरी रूळ बसवलेला असतो. त्याला टेंपल म्हणतात. त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. बाणा, म्हणजे आडवा धागा, ताणाखाली भरला जातो आणि विणताना तो कापडाला आत ओढतो. त्यामुळे विणलेले कापड फणीच्या रुंदीपेक्षा अरुंद होऊ लागते, काठाचे उभे धागे फणीवर घासतात आणि तुटतात. टेंपलचे बारीक दात दोन्ही काठ धरून ठेवतात आणि कापडाची रुंदी कायम राखतात.

शब्दकोशकारांच्या मते इंग्रजीतला टेम्प्लेट हा शब्द बहुधा याच अवजाराच्या फ्रेंच नावावरून आला. पुढे गवंडी, सुतार, लोहार यांच्या हातात जाऊन त्याचा अर्थ 'माप राखणारा साचा' असा झाला आणि शेवटी तो संगणकात शिरला. एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवू. टेंपल फक्त काठ धरते. मधले कापड मागालाच विणावे लागते.

भादाणचा ताम्रपट

आता हजार वर्षे मागे जाऊ. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि त्यांचे मुख्य ठिकाण स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे होते. शिलाहार राजा अपराजित याने शके ९१९ मध्ये, म्हणजे इ.स. ९९७ साली, भादाण हे गाव लवणेतट येथील लोनादित्य या देवाला दान दिले. भादाण म्हणजे भिवंडी तालुक्यातले भादाणे आणि लवणेतट म्हणजे त्याच तालुक्यातले लोनाड. या दानाचा ताम्रपट भिवंडीच्या परिसरात सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. पुढे १९७७ साली महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या सर्व लेखांचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यातही तो आहे.

असे ताम्रपट एकापुढे एक ठेवून वाचले की ते एका साच्यातून निघाल्याचे चटकन ध्यानात येते. आरंभी देवाला वंदन. मग राजघराण्याची वंशावळ आणि राजाची बिरुदे. मग त्या वेळच्या मंत्र्यांची नावे. मग पुढे होणारे राजे, अधिकारी, गावचे पाटील, नगरातले लोक या सर्वांना उद्देशून 'तुम्हाला विदित असावे' अशी सूचना. मग आयुष्य व लक्ष्मी किती चंचल आहेत याबद्दल दोन शब्द. त्यानंतर खरी माहिती येते : कोणत्या दिवशी, कोणाला, काय दिले आणि त्या गावाच्या किंवा शेताच्या चारी सीमा कोणत्या. शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला शाप, राजाची संमती आणि लेखकाचे नाव.

शिलाहारांच्या ताम्रपटांत शेवटी आणखी एक गमतीदार वाक्य येते. त्याचा भाव असा, की या लेखात एखादे अक्षर कमी पडले किंवा जास्त झाले असले तरी सर्व प्रमाण मानावे. वाण्याच्या बिलावरचे 'चूकभूल देणे घेणे' आपल्या ओळखीचे आहे. त्याचेच हे हजार वर्षांपूर्वीचे रूप.

या मोठ्या लेखात नवा मजकूर किती? पाहिले तर थोडासाच. तिथी, दान घेणारा, गाव, सीमा, मंत्र्यांची नावे. बाकी सारा साचा. पण साचा निरुपयोगी मुळीच नाही. प्रत्येक भागाला काम आहे. पुढच्या राजाने दान मोडू नये म्हणून त्याला आधीच उद्देशून सांगितले आहे. सीमेवरून भांडण होऊ नये म्हणून चारी दिशा दिल्या आहेत. लेखक कोण हे कळावे म्हणून त्याचे नाव आहे. हे सारे दर वेळी नव्याने आठवायचे झाले असते तर एखाद्या लेखकाकडून एखादी दिशा राहून गेलीच असती. साचा ही अशी दप्तराची स्मरणशक्ती असते.

एक खरी ओळ

भादाणच्या ताम्रपटाचे खरे महत्त्व मात्र त्याच्या वंशावळीत आहे. शिलाहार हे मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. मांडलिकाच्या लेखात आधी सम्राटाचे नाव यायचे, मग स्वतःचे. कान्हेरीच्या लेण्यांतले नवव्या शतकातले लेख पाहिले तर तेथे आधी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष येतो आणि मागून शिलाहार राजा येतो. म्हणजे साच्यात सम्राटाची जागा राखलेली होती.

पुढे इ.स. ९७३ च्या सुमारास चालुक्य तैलप याने राष्ट्रकूट राजा कक्कल याचा पाडाव केला. सम्राटच उरला नाही. मग चोवीस वर्षांनी भादाणचा ताम्रपट लिहिणाऱ्याने काय करावे? त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. जुना साचा तसाच उतरवून मेलेल्या राजाला जिवंत दाखवायचे, ही पहिली. राष्ट्रकूटांचा सगळा भाग खोडून टाकायचा, ही दुसरी. त्याने तिसरी वाट धरली. राष्ट्रकूटांची वंशावळ त्याने जागच्या जागी ठेवली. पण तिच्या शेवटी त्याने नोंदवले, की कक्कलाला तैलपाने जिंकले आणि ते वैभवशाली रट्टराज्य आता नावापुरते उरले आहे.

यामागे अपराजिताचे राजकारण असणार. चालुक्यांचे स्वामित्व आपण मानत नाही, हेही त्यातून सुचवायचे असेल. ते काही असले तरी दप्तराच्या दृष्टीने एक गोष्ट उघड आहे. त्या लेखकाने किंवा त्याला मजकूर सांगणाऱ्याने जुना साचा वाचला होता. चौकट त्याने मोडली नाही आणि खोटेही लिहिले नाही. जुन्या चौकटीत त्याने त्या दिवशी खरी असलेली एक ओळ घातली. आमच्या पालकसभेच्या सूचनेत नेमके हेच राहून गेले होते.

न वाचणाऱ्यांसाठी मदत

ताम्रपट धातूचा असे व दान घेणाऱ्याच्या घरी राही. गावच्या माणसाला दिसायची ती दानशिला. लोनाडजवळ चौधरपाडा येथे शिलाहार राजा केशिदेव याचा शके ११६१ चा, म्हणजे इ.स. १२३९-४० चा शिलालेख आहे. उत्तर कोकणात अशा शिला बऱ्याच ठिकाणी आढळतात. त्यांतल्या अनेकींवर माथ्याशी सूर्य व चंद्र कोरलेले असतात. हे दान चंद्रसूर्य असेतो चालावे, असा त्याचा अर्थ. तळाशी गाढवाचे अश्लील शिल्प असते. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी आहे. अशा शिलांना गधेगळ म्हणतात.

ज्याला अक्षर येत नाही त्यालाही या लेखाचा आशय चित्रावरून कळावा, अशी ही योजना होती. आज संगणकाच्या पडद्यावर कात्रीचे चित्र दाबले की मजकूर कापला जातो, छपाईयंत्राचे चित्र दाबले की कागद निघतो. चित्रांनी मदत करण्याची युक्ती तीच आहे.

साचा पकडून देतो

साच्याचा गैरवापरही त्या काळापासून चालत आला आहे. गावाचे उत्पन्न मिळवून देणारा कागद म्हटला की खोटा कागद आलाच. एखादा खरा ताम्रपट समोर ठेवायचा, त्यावरून जुन्या राजाच्या नावाने नवा कोरायचा आणि 'हे वतन आमचे' म्हणायचे. मुंबई इलाख्यात अधिकारी म्हणून काम केलेले पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फ्लीट यांनी अशा बनावट लेखांची मोठी यादीच केली होती.

बनावट ओळखायचे कसे? येथेही साचाच उपयोगी पडतो. साचे काळाबरोबर बदलतात. एका शतकातल्या राजाच्या नावापुढे पुढच्या शतकातली बिरुदे किंवा पुढच्या शतकातले अक्षरवळण आले की संशय घ्यावा. दुसरी कसोटी गणिताची आहे. लेखात शक, महिना, तिथी, वार आणि कधी ग्रहण दिलेले असते. त्या तिथीला तो वार येत होता का, ते ग्रहण झाले होते का, हे गणिताने ताडून पाहता येते. बनवणारा बहुधा येथे फसतो, कारण तो वाक्ये उतरवतो, हिशेब करत नाही. वार जुळला नाही म्हणून लेख लगेच खोटा ठरत नाही, खऱ्या लेखकाच्या हातूनही चूक होतेच. पण चौकशी तेथून सुरू होते.

हीच कसोटी आमच्या सूचनेला लावता आली असती. साध्या वर्षात ३६५ दिवस असतात, म्हणजे ५२ आठवडे आणि एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. साल बदलले पण तारीख आणि वार दोन्ही तेच राहिले, तर त्यांतले एक तरी चूक असणारच. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकली असती तरी पुरे होते.

अमुकचा शोध

आतापर्यंत आपण जुना लेख पाहून नवा लिहिण्याबद्दल बोललो. त्यापुढची पायरी म्हणजे खास नमुना म्हणूनच लेख तयार करणे. त्यासाठी एक नवी कल्पना लागते : नावाच्या जागी नाव न लिहिता रिकामी जागा ठेवणे.

गुजरातेत तयार झालेले 'लेखपद्धति' हे संस्कृत पुस्तक असे नमुन्यांचे आहे. त्यातली बरीचशी सामग्री तेराव्या शतकाकडे निर्देश करते. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये ते १९२५ साली छापले गेले. चि. डा. दलाल यांच्याबरोबर ग. के. श्रीगोंदेकर हे त्याचे संपादक होते. जमीनदान, विक्री, गहाण, दासीची खरेदी असे व्यवहाराचे कागद त्यात आहेत. बापाने मुलाला, बायकोने नवऱ्याला लिहायच्या पत्रांचे नमुनेही आहेत. काही ठिकाणी नमुन्यादाखल नावे घातलेली आहेत, तर काही ठिकाणी सरळ 'अमुक' असे लिहिले आहे. अमुक म्हणजे 'जो कोणी असेल तो'. वापरणाऱ्याने तेथे खरे नाव घालायचे.

युरोपात सातव्या शतकाच्या सुमारास मार्कुल्फ नावाच्या एका साधूने लॅटिनमध्ये असाच संग्रह केला. तेथे नावाच्या जागी 'तो' या अर्थाचा लॅटिन शब्द येतो. मार्कुल्फ प्रस्तावनेत सांगतो, की त्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे, हात कापतो, डोळ्यांना नीट दिसत नाही, तरीही लेखन शिकू लागलेल्या मुलांच्या सरावासाठी त्याने हे काम केले. शिक्षकांनी हे लक्षात घ्यावे असे आम्हाला वाटते. हा नमुनासंग्रह पाठ्यपुस्तकही होता. नमुना आणि मदत त्या काळी एकाच पुस्तकात होती. मुलगा नमुना उतरवता उतरवता तो तसा का आहे हे शिकत असे.

बीजगणितात आपण 'क्ष' मानतो आणि मग त्याची किंमत काढतो. दप्तरातला 'अमुक' हा त्याच जातीचा आहे. जागा नेमकी, पण किंमत ज्याची त्याने भरायची.

मेस्तक, मायना आणि सातबारा

उत्तर कोकणातले शिलाहार राज्य तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांनी घेतले. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. मोडी लिपी त्याने रूढ केली अशी परंपरा आहे आणि त्याच्याच नावावर मेस्तके चालत आली आहेत. मेस्तक म्हणजे दप्तरलेखनाचे नियम व नमुने सांगणारे टिपण. कोणाला कोणता मायना लिहावा, कागद कसा मांडावा हे त्यात असे. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', ब्राह्मण विद्वानाला 'वेदशास्त्रसंपन्न', सरदाराला 'राजमान्य राजश्री'. मायना पाहिला की लिहिणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाते कळे.

१६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि हा मुलूख मराठी दप्तरात आला. मराठी राजपत्रांची चौकट विचारपूर्वक केलेली आहे. माथ्याशी मुद्रा आणि मजकूर संपला की शेवटी 'मोर्तब सुद' व मर्यादेचा छोटा शिक्का. दोन शिक्क्यांच्या मध्ये जे आहे तेवढेच सरकारचे. नंतर कोणी खाली एक ओळ घुसडली तर ती शिक्क्याबाहेर पडते. चौकट अशी मजकुराचे रक्षण करते.

इंग्रजी अमलात नमुने छापून निघू लागले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला दाव्यांचे नमुने परिशिष्ट म्हणून जोडलेले आहेत. महसूल खात्याने गावच्या प्रत्येक नोंदवहीला नमुना क्रमांक दिला. आपल्याकडचा शेतकरी 'सातबारा' म्हणतो तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला उतारा होय. सातमध्ये जमीन कोणाच्या हक्काची आहे ते आणि बारामध्ये पीक कोणते ते. नमुन्याचा क्रमांकच लोकांच्या तोंडी कागदाचे नाव होऊन बसला. टेम्प्लेटचे इतके मोठे यश दुसरे कोणते असेल?

पण येथे एक फरकही पडला. 'लेखपद्धति' किंवा मेस्तक हातात असलेला माणूस लेखनाची विद्या शिकत असे. छापील अर्ज हातात आलेला माणूस फक्त रिकाम्या जागा भरतो. त्या जागा तशा का आहेत, हे सांगणारे कागदावर काही नसते. म्हणून कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसू लागले. मदत कागदापासून निराळी झाली आणि विकत मिळू लागली.

वर्डस्टारची चार पायऱ्यांची मदत

१९६४ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारे टंकयंत्र बाजारात आणले. साठवलेले पत्र पुन्हा टंकित होई आणि नाव-पत्ता बदलायच्या जागी यंत्र थांबे. म्हणजे 'अमुक' आला की थांब. वर्ड प्रोसेसिंग हा शब्द याच यंत्राबरोबर रूढ झाला.

१९७८ साली वर्डस्टार हा कार्यक्रम आला. आपल्याकडे पुढच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकवर्गांत अनेकांनी श्रीगणेशा केला तो याच्यावरच. त्याच्या जोडीच्या मेलमर्जमध्ये पत्राच्या मजकुरात दोन '&' चिन्हांच्या मध्ये 'नाव' असे लिहायचे आणि यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. संगणक एकेक नाव उचलून एकेक पत्र काढत असे. 'लेखपद्धती'तला अमुक येथे यंत्राला कळेल अशा रूपात आला.

वर्डस्टारमधली मदतीची योजना शिक्षकाने पाहण्यासारखी होती. पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी सतत दिसे आणि खाली मजकूर. या मदतीच्या तीनपासून शून्यापर्यंत चार पायऱ्या होत्या. तीनवर सगळ्या याद्या दिसत. सवय होत गेली की शिकणारा स्वतःच पायरी कमी करी. शून्यावर याद्या जात आणि पडदा लिहिण्यासाठी मोकळा होई. मदत किती हवी हे शिकणाऱ्याने ठरवायचे आणि ती हळूहळू काढून घ्यायची. सायकल शिकवताना आपण मागची बैठक धरतो आणि मग हात सोडतो, तसेच हे.

१९८९ साली विंडोजवर चालणारा वर्ड आला आणि टेम्प्लेट हा शब्द घरोघरी पोचला. यातला टेम्प्लेट म्हणजे एक वेगळ्या जातीची फाइल. ती उघडली की मूळ फाइल हाती येत नाही, तिची प्रत मिळते. मूळ साचा सुरक्षित राहतो. त्यात कायमचा मजकूर असतो, बदलायच्या जागा खुणेने दाखवता येतात आणि शीर्षकाची, परिच्छेदाची ठेवण एकदाच ठरवून ठेवता येते. जुने पत्र उघडून त्यावरच नवे लिहिणे आणि टेम्प्लेटवरून नवे काढणे यांत हा मोठा फरक आहे. जुन्या पत्रात जुनी नावे व तारखा भरलेल्या असतात आणि त्या नजरेतून निसटतात. चांगल्या टेम्प्लेटमध्ये त्या जागी 'अमुक'च असतो, आणि रिकामा अमुक डोळ्यांत खुपतो. आमची चूक नेमकी येथे झाली होती. नमुना म्हणून आम्ही भरलेला कागद वापरला होता.

मराठीची अडचण आणखी निराळी होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट तंत्र संगणकावर देवनागरी घेऊन आले. पण बाजारातल्या निरनिराळ्या फाँटची सांकेतिक रचना निरनिराळी असे. एका शाळेत केलेला नमुना दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडला की अक्षरांचा काला दिसे. सर्व लिप्यांना एकच संकेत देणारे युनिकोड रुळले, तेव्हा कोठे मराठी टेम्प्लेट एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ लागले.

फार बोलकी मदत

मदतीच्या कळेचाही इतिहास आहे. वर्डपरफेक्टमध्ये मदतीसाठी एफ-३ ही कळ होती. कोणत्या कळेने काय होते हे सांगणारी प्लॅस्टिकची पट्टी कळफलकावर ठेवायला मिळे. तिलाही टेम्प्लेटच म्हणत. १९८७ साली आयबीएमने कळांचे एक प्रमाण सुचवले आणि पुढे एफ-१ ही मदतीची कळ म्हणून सर्वत्र रूढ झाली.

त्यानंतर मदत स्वतःहून बोलू लागली. ऑफिस-९७ मध्ये कागदाच्या टाचणीचे एक हलते चित्र होते. पत्राचा मायना लिहायला घेतला की ते पुढे येऊन 'तुम्ही पत्र लिहिताय असे दिसते, मदत करू का?' असे विचारी. लोक त्याला कंटाळले. दहा पत्रे लिहिलेल्या माणसालाही ते अकराव्या वेळी तेच विचारत असे. २००१ च्या आवृत्तीत ते मुळात बंद ठेवले गेले आणि २००७ च्या आवृत्तीत काढूनच टाकले. वर्डस्टारच्या मदतीला मागे हटता येत होते, टाचणीला ते येत नव्हते.

आज तर विचारले की पूर्ण मसुदा लिहून देणारी साधने आली आहेत. अर्ज कसा लिहावा हे ज्याला कोणी शिकवले नाही, त्याची यामुळे मोठी सोय झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. अर्ज लिहून घेण्यासाठी मोडणारा दिवस त्याला वाचवता येतो. पण फाटकाशी आलेल्या त्या पालकांचा प्रश्न आता अधिकच लागू होतो. मसुदा कोणीही करो, पाठवण्यापूर्वी तो कोणी वाचला होता का?

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी ते दहावीच्या वर्गात एक तासाचा हा प्रयोग करता येईल. मुलांना घरून एकेक कागद आणायला सांगावे : सूचना, विजेचे बिल, लग्नपत्रिका, सातबाऱ्याची प्रत. प्रत्येक गटाने आपल्या कागदातला कायमचा मजकूर व बदलता मजकूर वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करावा. बदलत्या मजकुराच्या जागी 'अमुक' लिहून नमुना तयार करावा. मग प्रत्येक कायमच्या ओळीपुढे ती कशासाठी आहे हे एका वाक्यात लिहावे. ज्या ओळीचे कारण कोणालाच सांगता येत नाही, तिच्यावर वर्गात चर्चा करावी. ती जुन्या काळची राहून गेलेली ओळ असेल किंवा आपल्याला न कळलेले एखादे संरक्षण असेल. दोन्हींतला फरक शोधणे हाच इतिहासाचा अभ्यास.

संगणक असेल तर तोच नमुना टेम्प्लेट म्हणून साठवावा आणि साठवण्याची रीत एफ-१ दाबून मुलांनीच शोधावी. नंतर प्रत्येक नमुन्याच्या सोबत चार ओळींची सूचना मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावी : कोणत्या जागा भरायच्या, कोणती तारीख ताडून पाहायची, शेवटी कोणी वाचायचे. म्हणजे 'लेखपद्धती'च्या काळी एकत्र असलेले नमुना आणि मदत पुन्हा एकत्र येतील.

त्या प्रसंगानंतर आम्ही शाळेत एवढे केले. सूचनेचा टेम्प्लेट केला. त्यात तारीख, वार आणि वेळ या तीनही जागा कोऱ्या ठेवल्या आणि तळाशी आणखी एक कोरी जागा ठेवली : 'वाचणार'. सूचना ज्याने टंकित केली नाही अशा कोणीतरी ती वाचून तेथे सही करायची आणि मगच प्रती काढायच्या. पुढच्या पालकसभेची सूचना आमच्या शिपाईमामांनी वाचली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले, वार बरोबर असल्याची खात्री केली आणि सही केली.